काळी चार

"जुनं आहे ते चांगलंय की. या वयात कसली हौस?" स्टुडिओत पेटीवाले सदूभाऊ तबलजीच्या कानात कुरकुरले.

हंसाबाईंना ते ऐकू गेलं. पेटी बडवणाऱ्यांनी गाणाऱ्यांना शिकवावं! कंपनी त्यांची विशीतली कॅसेट तशीच पुन्हा काढायला तयार होती. पण त्यातला किनरा, लाडिक आवाज बाईंना ऐकवत नसे. म्हणून सगळी गाणी नव्याने गायचा घाट होता.

पहिल्याच गाण्यात वरचा 'सा' सहज लागला. "वा! अगदी तेव्हासारखाच," निर्माता काचेआडून म्हणाला.

लाळघोटे मेले! बाईंनी पेटीकडे पाहिलं. सदूभाऊंची बोटं मूळची काळी चार सोडून गुपचूप खालच्या पट्टीत फिरत होती.

"काळी चार धरा."

आता वरच्या 'सा'वर आवाज फाटला. निर्मात्याने पाणी मागवलं.

"पाणी कशाला? आवाज गेलाय माझा," बाई म्हणाल्या. "जुनीच काढा. पण माझ्यासमोर लावू नका."