थोरलीचं वजन

हत्तीण एका रात्रीत चार हजार एक्केचाळीस किलोंनी बारीक झाली होती, आणि त्याला नऊ वर्षं होऊन गेली तरी कुणाच्या भुवईचा केसही हलला नव्हता.

सूचीवाली संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिली. तिला सगळे सूचीवालीच म्हणायचे, कारण प्राणिसंग्रहालयाच्या संगणकात माहितीचे जेवढे तक्ते होते, त्या सगळ्यांची सूची ती सांभाळायची. कुठल्या तक्त्यात काय आहे, त्याचा मालक कोण आणि त्याची स्थिती काय: कच्चा, वापरात, जुना की बंद. जन्ममृत्यूच्या नोंदीसारखंच काम, फक्त रडायला नातेवाईक येत नाहीत. 'वापरात' म्हणून मिरवणारे सगळे मेलेले तक्ते आज पाचपर्यंत बंद झाले तर नोकरी कायम, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. नाही झाले तर काय, ते सांगितलं नव्हतं. साहेब सभ्य गृहस्थ होते.

सकाळपासून तिने अडतीस तक्ते मार्गी लावले होते. 'पाणघोड्याचे वाढदिवस' बंद केला, त्यात एकच ओळ होती. 'माकडांनी पळवलेले चष्मे' बंद करताना जरा जीवावर आलं, कारण माकडं अजून कामावर होती.

उरला एकच, 'थोरलीचे रोजचे वजन'. थोरली ही इथली एकुलती एक हत्तीण. म्हातारी होऊन नऊ वर्षांपूर्वी गेली. तक्ता मात्र ठणठणीत होता. एकवीस वर्षं रोज सकाळी सातला चार हजारांच्या आसपासचा आकडा, शेवटचा चार हजार एकशे दोन. दुसऱ्या दिवशी एकसष्ट. आणि तिथून पुढे रविवारसुद्धा न चुकता एकसष्ट, साठ, एकसष्ट. मधे एका उन्हाळ्यात त्रेसष्ट. शेवटची नोंद आज सकाळची. रकाना रिकामा राहिला तर संगणक बोंब मारायचा; रकान्यात काय भरलंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. या बाबतीत तो पूर्ण सरकारी होता.

मालकाच्या सहीशिवाय तक्ता बंद करता येत नसे. मालक म्हणून मामांची नोंद होती. मामा म्हणजे थोरलीचे माहूत, हल्ली बदकांकडे. हत्तीवरून बदकांवर आलेला माणूस एरवी खचला असता. मामा फक्त वाकून चालायला लागले होते.

ते तिला रिकाम्या हत्तीखान्यात सापडले. जमिनीत बसवलेला, छोट्या खोलीएवढा वजनकाटा झाडत होते. बाकी काही उरलं नव्हतं. भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर एक काळपट, गुळगुळीत पट्टा होता. थोरली तिथे पाठ घासायची, मामांनी न विचारताच सांगितलं. नळ सोंडेने उघडायची, बंद मात्र कधी करायची नाही. शाळेच्या सहलीतल्या पोरांच्या टोप्या उचलून बरोबर मास्तरांच्या डोक्यावर ठेवायची. एका मास्तरांनी रीतसर तक्रार केली होती, तीसुद्धा कुठल्यातरी तक्त्यात असेल. होती. तिने ती साडेदहालाच बंद केली होती, पण हे ती बोलली नाही.

तिने कागद पुढे केला आणि समजावून सांगितलं. ज्या यंत्राची एकही नोंद वापरात नाही, ते भंगारात जातं. मामांनी सही केली की सोमवारी काटा उकरून काढतील आणि इथे आइसक्रीमचा ठेला येईल. मामांनी कागद हात लांब करून दोनदा वाचला. आइसक्रीम चांगलं असेल ना, एवढं विचारलं. मग कागदाची व्यवस्थित घडी घालून तो तिच्या हातात परत दिला.

"मामा, असं करू नका," ती म्हणाली. "नऊ वर्षं तुम्ही स्वतःच काट्यावर उभे राहून हत्तीण म्हणून नोंद भरताय. खोटी नोंद आहे ती."

"खोटी कशी, पोरी? मी आधीपासून उभा आहे."

मग ते काट्याच्या कडेवर बसले आणि हळूहळू सगळं सांगितलं. थोरली आली तेव्हा काट्याला जाम भ्यायची. पत्रा पायाखाली हलला की मागे. दोन दिवस केळी दाखवून झाली, दटावून झालं. तिसऱ्या दिवशी मामा आधी चढले आणि तिला हाक मारली. ती आली आणि सोंड त्यांच्या खांद्यावर टाकून उभी राहिली. त्यानंतर एकटी कधी चढलीच नाही. एकवीस वर्षं जो आकडा लिहिला गेला, तो दोघांचा मिळून होता. डॉक्टरीणबाई त्याच आकड्यावरून औषध ठरवायच्या, म्हणजे थोरलीला जन्मभर एका माणसाचं औषध जास्तीचं गेलं, आणि तब्येत बघाल तर झकास. सांगितलं का नाही, तर कुणी विचारलं नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी सात वाजले, तेव्हा मामांचे पाय नेहमीसारखे काट्यावर गेले. थोड्या वेळाने त्यांनी आकडा बघितला आणि जो दिसला तो लिहिला.

"ती उतरली," मामा म्हणाले. "मला उतर म्हणून कुणी सांगितलं नाही."

सूचीवालीने घडी घातलेला कागद तसाच उचलला आणि आपल्या संगणकाकडे परतली.

पावणेपाचला साहेबांचा फोन आला. एक तक्ता उरलाय आणि तो राहणार आहे, असं तिने सांगितलं. साहेबांनी सभ्यपणे फोन ठेवला. तिने स्थितीच्या रकान्याला हात लावला नाही. वर्णनाच्या रकान्यातलं 'हत्तिणीचे वजन' तेवढं खोडलं आणि लिहिलं: 'थोरली आणि मामा, दोघांचे मिळून वजन. पैकी एक वापरात.'