आभाराची चिठ्ठी

"दादा, आज माझी चिठ्ठी वाचू नका," अर्पिता चर्चच्या दारातच म्हणाली.

जीवनदादा सेलूच्या त्या लहानशा चर्चमधला तरुण संघ सांभाळायचा आणि दर रविवारी प्रार्थनेच्या चिठ्ठ्याही तोच वाचायचा. "तुझ्या आईनं टाकलेली चिठ्ठी मी कशी लपवू गं?" तो हसत म्हणाला.

"सगळे माझ्यासाठी प्रार्थना करायलेत, मला माहीत हाय. पण बाजारात गीतामावशी भेटल्या की म्हणतात, तुझ्यासाठी शुक्करवारचा उपास धरलाय, आता डॉक्टर झालीच पाहिजेस. पुस्तक उघडलं की मला त्यांचा उपासच दिसतो, दादा. झोप म्हणून येईना."

जीवनदादाचं हसू विरलं. अकरा आठवडे त्यानंच तर ती चिठ्ठी खड्या आवाजात वाचली होती.

उपासना सुरू झाली. मंडळी जेमतेम चाळीस, पण प्रार्थना अशी की स्टेशनात गाडीची वाट बघणाऱ्यालाही ऐकू जावी. माया भरपूर होती, फक्त तिला हळू बोलता येत नव्हतं.

चिठ्ठ्यांचा डबा उघडला. माणिकरावांच्या गुडघ्यासाठी प्रार्थना झाली, कुणाच्या सुनेच्या बाळंतपणासाठी झाली. तळाशी राहिली एकच: 'अर्पिताला नीटमध्ये सहाशेच्या वर मार्क पडू दे.' जीवनदादानं ती घडी घालून खिशात टाकली.

"दादा, माझी राहिली की!" अर्पिताची आई राजेश्री पुढच्या सतरंजीवरून उठून उभी राहिली. सगळ्यांच्या माना वळल्या.

जीवनदादाचा हात खिशाकडं गेला. मदतीसाठी त्यानं अर्पिताकडं पाहिलं, आणि पाहतच राहिला.

"ताई, जरा मागं बघा."

मागं भिंतीला टेकून अर्पिता गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, मांडीवर गीतांचं पुस्तक उपडं. शेजारी बसलेल्या गीतामावशी तिला हलवायला सरसावल्या.

"राहू द्या मावशी!" राजेश्री पटकन म्हणाली. "महिना झाला, पोरीच्या डोळ्याला डोळा न्हाई. आन् मी आपली मार्क मागत बसले."

ती पुढं आली, चिठ्ठी मागून घेतली, मागच्या कोऱ्या बाजूला दोन ओळी लिहिल्या. "ही आभारात वाचा."

जीवनदादानं वाचली, आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात. "प्रभू, माझी लेक झोपली. तुझे लय आभार."

"आमेन," चाळीस माणसं कुजबुजली.

शेवटच्या गीताला बन्सीधरनं ढोलकीवर नुसती बोटं टेकवली. मंडळी ओठांतल्या ओठांत गायली. गीतामावशी गायल्याच नाहीत. त्या पदरानं अर्पिताला वारा घालत होत्या.

"फळला गं बाई माझा उपास," त्या स्वतःशीच म्हणाल्या.