कुशी

माझ्या स्वमग्न लेकीला घट्ट कुशीत धरल्याशिवाय ती शांत होत नसे आणि मला दुसरं काम सुचत नसे. शेवटी काचेचे बारीक मणी भरून मी एक जड रजई शिवली, तिच्या अंगावर घातली. मात्रा अशी लागू पडली, की तिच्यासारख्या मुलांच्या आयांकडून मागण्या येऊ लागल्या. धंदाच उभा राहिला!

"ताई, हात मोकळे केलेत हो आमचे," त्या म्हणतात.

आज दुपारी कापड बेतताना माझी आई गेल्याचा फोन आला. मी होते तिथेच बसले. लेक समोरच ठोकळे रचत होती.

"ये गं बाळा, मला घट्ट धर."

ती लगबगीनं आत गेली.


रजई आणून तिनं माझ्या अंगावर घातली, मी दाबते तशाच चारी कडा दाबल्या, आणि आपल्या ठोकळ्यांशी परत खेळायला गेली.