बैल तोंड लावत नाही

बैल पाणी पेत नाही म्हणून काठीनं झोडपते, अशी माह्या लेकाची, जगदेवची अक्कल. त्यानं मळ्यातल्या पाण्याच्या इंजनाले डायनामो जोडला अन् घरातला बिजलीचा दिवा अख्ख्या शेलूबाजार गावाले दाखवला. दिव्याची तार पाण्याच्या लोखंडी टाकीले घासाले लागली, तवापासून बैल तिले तोंड लावत नाही. पोटुशी सून म्हणाली, "आत्याबाई, भाजी धुताना माह्याही हाताले झिणझिण्या येतात." जगदेव हसला, "हिच्या अंगात देवी येते." आमी बायका अनवाणी, बैल अनवाणी, हा रबरी बुटात. इंजन चालूच होतं. मी म्हटलं, "बूट काढ अन् टाकीत हात बुडव." त्याचं हसू गेलं, पण बूट निघाले नाहीत. सून मेथी घेऊन टाकीकडं वळली, तरी यानं तिले अडवलं नाही. तिले मागं ओढून मी म्हणाली, "टाकीत बिजली उतरते हे तुले मालूम होतं, जगदेव. दिव्यापायी तू बायकोचा जीव घ्याले निघाला."