विझलेली शेगडी

पहिलं बाळंतपण माहेरी, वांगणीलाच, असं मीच नातीला बजावलं होतं. बाळ-बाळंतिणीला शेकायची शेगडीही घासून ठेवली होती. पण सोनोग्राफीत बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची कमान अरुंद दिसली. बदलापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळंतपण मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातच. जन्मल्याबरोबर औषध लावतील, मग ऑपरेशन. घरी ठेवलंत तर दोन दिवस छान दिसेल, तिसऱ्या दिवशी दूध सोडेल, पाय गार पडतील." बासष्ट साली माझा पहिला मुलगा तिसऱ्या दिवशी असाच गेला. "झोपलीस आणि शेगडी विझू दिलीस," सासूबाई म्हणाल्या. पंचेचाळीस वर्षं मी धड झोपले नाही. मी विचारलं, "बाई, शेगडी पेटती ठेवली तर?" "आजी, पायांत रक्तच पोचत नाही. शेगडी काय करणार?" नात म्हणाली, "रडतेस कशाला? वाचेल बाळ." "मुंबईलाच जाऊ," मी म्हणाले. "झोप आलीय गं मला."