म्हशींची तहान

विज्ञान सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी शाळेत घरच्या म्हशींचं कॅनभर दूध फुकट वाटलं, की दूध सोसायटीच्या निवडणुकीत पालकांची मतं आपलीच, असा चेअरमन सुंदररावांचा हिशेब होता. पण चौथीच्या पोरांनी पिण्याआधी बुडाला खिळा आणि मेण भरून बनवलेली दूध तपासायची नळी दुधात सोडली. निखळ दुधात ती उंच तरंगायची. इथं खोल बुडाली. “पाणी हाय ह्यात,” त्यांच्यातली सत्यभामा म्हणाली. सुंदरराव हसले. “दुष्काळ हाय, पोरी. म्हशी लई पाणी पितात, तेच दुधात उतरतं.” खिचडी शिजवणाऱ्या भिवराबाईंनी पळी खाली ठेवली. “दादा, आपली विहीर आटली असं सांगून तुमी गावाला घागरभर पाणी दिलं न्हाई. मग म्हशी काय पितात?” मतं हातची जाताना दिसली, तशी सुंदररावांनी विहीर गावाला खुली केली. संध्याकाळी त्यांच्या विहिरीवर घागरींची रांग लागली. पोरांना विज्ञान कळलं, बायकांना पाणी मिळालं. भुर्दंड म्हशींना बसला, रांगेत त्यांचा नंबर शेवटचा.