शिट्टीआधीचा हात

ओजस कामावरून घरी आला की त्याच्या तोंडी एकच, "देवस्थळी मॅडम म्हणाल्या." ऑटिझम असलेल्या या लेकाचा एकेक शब्द सुनंदानं वर्षानुवर्षं झेलला होता, आता सगळे शब्द त्या सुपरवायझर बाईचे. तिच्या पोटात दुखायचं.

चिक्कीच्या कारखान्यात पालकांना बोलावलं, तेव्हा ती खरं तर मॅडमनाच बघायला गेली. मशीनचा भोंगा वाजवण्याआधी मॅडमनी तळहात उंच धरला. ओजसनं निमूट कान झाकले आणि भोंगा थांबल्यावर तो पुन्हा पाकिटं भरू लागला.

सुनंदाचा जळफळाट झाला. ही खूण तर तिची होती! कुकरची शिट्टी व्हायच्या आधी घरी ती अस्साच हात दाखवायची.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" तिनं फटकन विचारलं.

"त्यानंच. मुलाखतीत विचारलं, तुला इथे काय लागेल? तर म्हणाला, आवाजाआधी हात. आई दाखवते तसा." मॅडम ओशाळून हसल्या. "पण मला जमत नाही हो. रोज टोकतो, आईचा हात असा नसतो."

सुनंदानं पदर खोचला. "सरका बघू, मी दाखवते."